नकाशावरील विहार : नाव, नोंद आणि संकेत

मज्झिमनिकायातील १३९ वे सुत्त 'अरणविभङ्ग' या नावाने प्रसिद्ध आहे. श्रावस्तीच्या जेतवनात केलेल्या या उपदेशात तथागतांनी कलहाकडे नेणाऱ्या व कलहापासून दूर ठेवणाऱ्या आचरणाचे विवरण केले आहे. त्यातील एक मुद्दा भाषेचा आहे. पात्र एकच, परंतु एका जनपदात त्याला पाति म्हणतात, दुसऱ्यात पत्त, आणखी कोठे सराव. ज्या प्रदेशात जो शब्द चालतो तो तेथे वापरावा, आपल्याच शब्दाला कवटाळून 'हेच खरे, बाकी सर्व खोटे' असा अभिनिवेश धरू नये, हे त्या विवेचनाचे एक अंग होय. त्यालाच जोडून दुसरे अंग येते : लोकव्यवहारात रूढ झालेल्या संज्ञेचे उल्लंघनही करू नये. सुत्ताच्या परिभाषेत पहिल्या अंगाचा संबंध 'जनपदनिरुत्ति'शी आहे, तर दुसऱ्याचा 'समञ्ञा'शी, म्हणजे सर्वसंमत संज्ञेशी. दोन्ही अंगे एकत्र घेतली तरच अर्थ लागतो. केवळ पहिले घेतले तर प्रत्येकाची बोली वेगळी राहते आणि व्यवहार थांबतो. केवळ दुसरे घेतले तर बलवानाची संज्ञा दुर्बलाच्या माथी बसते.

हा प्रश्न आज एका अगदी अनपेक्षित क्षेत्रात, संगणकावर लोकांनी मिळून तयार करावयाच्या नकाशांत, उभा राहिला आहे. 'ओपनस्ट्रीटमॅप' हा त्यांतील सर्वांत मोठा प्रकल्प. इ. स. २००४ मध्ये स्टीव्ह कोस्ट यांनी तो इंग्लंडमध्ये सुरू केला. या नकाशाची माहिती सामान्य स्वयंसेवक भरतात. आणि मूळ स्रोताचा उल्लेख करणे व त्यावर बेतलेली माहिती तशाच अटींवर खुली ठेवणे या अटी पाळल्यास ती कोणालाही विनामूल्य वापरता येते. चिखलीतील महाविद्यालयीन विद्यार्थ्याला या नकाशात विहाराची नोंद करण्याचा जितका अधिकार आहे तितकाच लंडनमधील अभियंत्याला आहे. अर्थात अधिकार असणे व तो बजावणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि प्रस्तुत लेखाचे प्रयोजन दुसऱ्या गोष्टीशी संबंधित आहे.

प्रथम या नकाशाची घडण पाहू. त्यात वस्तूचे स्थान तीन प्रकारांनी दाखविले जाते. एक बिंदू, ज्याला अक्षांश-रेखांश असतात (चिखली शहराचा बिंदू सुमारे २०.३५ उत्तर अक्षांश व ७६.२५ पूर्व रेखांशावर येईल), बिंदू जोडून होणारी रेषा, ज्यातून रस्ता, नाला किंवा इमारतीची बाह्यरेषा तयार होते, आणि अनेक बिंदू-रेषांचा परस्परसंबंध, उदाहरणार्थ तालुक्याची सीमा किंवा बसचा मार्ग. परंतु बिंदू स्वतः काहीच सांगत नाही. तेथे विहीर आहे, विहार आहे की विजेचा खांब आहे हे सांगण्याचे काम 'टॅग' करतो. टॅगचे दोन भाग असतात. तलाठ्याच्या सातबाऱ्यात जसा वर रकान्याचा मथळा छापलेला असतो व खाली नोंद भरलेली असते, तसेच येथे एक रकाना व एक नोंद मिळून एक टॅग होतो. एका वस्तूला असे कितीही टॅग लावता येतात. मात्र एकाच वस्तूवर तोच रकाना दोनदा येत नाही, आणि रकाना व नोंद यांपैकी प्रत्येकाची मर्यादा २५५ अक्षरांची आहे.

सातबाऱ्यात रकाने शासनाने ठरविलेले असतात. येथे ते कोणीच कायमचे ठरविलेले नाहीत, हा मोठा फरक आहे. नकाशाकार हवा तो नवा रकाना व हवी ती नोंद लिहू शकतो. यंत्र त्याला अडवीत नाही. मग शिस्त येते कोठून? ती संकेतातून येते. कोणता टॅग कोणत्या अर्थाने वापरावा याचे विवेचन प्रकल्पाच्या सामायिक ग्रंथात लिहिलेले असते. नवा टॅग सुचवावयाचा असल्यास प्रस्ताव मांडतात, त्यावर किमान दोन आठवडे चर्चा होते, नंतर मतदान होते. मंजूर झालेला टॅगही कायद्यासारखा बंधनकारक होत नाही. लोक तो प्रत्यक्षात किती वापरतात यावर त्याचे आयुष्य ठरते. विनयपिटकातील 'ञत्ति', म्हणजे संघापुढे ठराव मांडण्याची रीत, ज्यांना ठाऊक आहे त्यांना या पद्धतीत फारसे नवल वाटणार नाही. २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतील भाषणात बाबासाहेबांनी भिक्षुसंघाला सभाशास्त्राचे हे नियम माहीत होते याची आठवण करून दिली होती.

संकेत न पाळल्यास काय होते? समजा, चिखली तालुक्यातील पाच गावांत पाच जणांनी विहाराची नोंद केली. एकाने धर्माच्या रकान्यात इंग्रजीतून 'बुद्धिस्ट' लिहिले, दुसऱ्याने 'बुद्धिझम', तिसऱ्याने रोमन लिपीत 'बौद्ध', चौथ्याने 'नवबौद्ध' आणि पाचव्याने रकाना रिकामाच ठेवला. माणूस या पाचही नोंदी वाचून एकच अर्थ घेईल. पाति, पत्त व सराव ऐकून श्रावस्तीचा श्रोता एकच पात्र समजत असे, तसाच. यंत्राला ही समज नाही. जिल्ह्यातील सर्व विहार दाखव असे त्याला सांगितले तर ते पहिला तेवढा दाखवील. उरलेले चार जमिनीवर असतील, नकाशाच्या पटलावरही असतील, पण मोजणीत नसतील. म्हणून रकाना 'रिलिजन' व नोंद 'बुद्धिस्ट', दोन्ही इंग्रजी लहान अक्षरांत, हा जगभरचा संकेत आपणही पाळावा. जपानमधील, श्रीलंकेतील व चिखलीतील बौद्ध स्थळ एकाच हाकेला ओ देते ते या संकेतामुळेच.

आता वस्तीतील नेहमीचा विहार घेऊ. एक सभागृह, आत बुद्धमूर्ती व बाबासाहेबांची प्रतिमा, समोर पंचशील ध्वज, आवारात पिंपळ, बाजूला एखादी खोली वाचनालयाची. याला कोणता टॅग लावावा? 'अमेनिटी' या रकान्यात दोन नोंदी संभवतात. एक 'मोनॅस्टरी', दुसरी 'प्लेस ऑफ वर्शिप'. पाली वाचणाऱ्याचा कल साहजिकच पहिलीकडे जाईल, कारण 'विहार' या शब्दाचा मूळ अर्थ निवासस्थान असा आहे. चुल्लवग्गात राजगृहाच्या श्रेष्ठीने एका दिवसात साठ विहार उभारून दिल्याची कथा आहे; ते विहार म्हणजे भिक्षूंना राहण्याच्या साध्या जागा होत. बुलढाणा जिल्ह्याच्या शेजारी अजिंठ्यालाही हाच भेद दिसतो : ९, १०, १९, २६ व २९ ही चैत्यगृहे, बाकीचे विहार. परंतु १९५६ नंतरच्या महाराष्ट्रात 'विहार' हा शब्द उपासकांच्या वंदनेची व सभेची जागा या अर्थाने रूढ झाला. तेथे बहुधा कोणी भिक्षू कायम राहत नाही. टॅग हा वस्तूच्या आजच्या उपयोगाचे वर्णन करतो, शब्दाच्या व्युत्पत्तीचे नव्हे. म्हणून 'मोनॅस्टरी' ही नोंद जेथे भिक्षुसंघ खरोखर राहतो त्या स्थळासाठी राखून ठेवावी आणि वस्तीतील विहारास 'प्लेस ऑफ वर्शिप' लावावे.

येथे आक्षेप निघतो, आणि तो गंभीर आहे. 'वर्शिप' म्हणजे उपासना, ईश्वराची आराधना. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या समाजाने आपल्या विहाराला आराधनास्थळ का म्हणवून घ्यावे? आपण बुद्धाला देव मानीत नाही. वंदना ही याचना नव्हे. हा आक्षेप सिद्धांततः बरोबर आहे. तथापि माझे मत असे की येथे अरणविभङ्ग सुत्ताचे दुसरे अंग लागू पडते. हा वर्गवाचक शब्द आहे. चर्च, मशीद, गुरुद्वारा, अगियारी या साऱ्यांसाठी तोच वापरला जातो आणि नकाशाच्या व्यवहारात त्याचा अर्थ 'धर्माशी निगडित एकत्र येण्याची जागा' इतकाच उरला आहे. मिलिंदपञ्हात रथाचा दाखला देऊन नागसेनांनी जे सांगितले तेच येथेही खरे आहे : नाव हा व्यवहारापुरता संकेत असतो, त्यात वस्तूचे सार शोधू नये. या शब्दाशी भांडून आपण वेगळा रकाना काढला तर आपले विहार जगाच्या यादीतून बाहेर पडतील, आणि भांडण मात्र कोणाच्या कानी जाणार नाही.

मात्र त्याच आवारातील इतर गोष्टी त्या एका टॅगमध्ये कोंबू नयेत. 'एक वस्तू, एक नोंद' हे या नकाशाचे तत्त्व आहे. वाचनालय स्वतंत्रपणे चालत असेल तर त्याचा वेगळा बिंदू, 'अमेनिटी' रकान्यात 'लायब्ररी'. लग्न, शोकसभा, बैठका यांसाठी वेगळे समाजमंदिर असेल तर 'कम्युनिटी सेंटर'. बाबासाहेबांचा पुतळा चौकात असेल तर 'हिस्टॉरिक' रकान्यात 'मेमोरियल' आणि जोडीला 'मेमोरियल' रकान्यात 'स्टॅच्यू'. पिंपळालाही नोंद मिळते : 'नॅचरल' रकान्यात 'ट्री', आणि 'स्पीशीज' म्हणजे जातीच्या रकान्यात 'फायकस रिलिजिओसा' हे शास्त्रीय नाव. या शेवटच्या रकान्याकडे पुढे पुन्हा यावे लागेल.

वर्गवाचक शब्दांच्या बाबतीत संकेत मान्य करावा असे म्हटले. विशेषनामांची गोष्ट निराळी आहे. 'नेम' हा रकाना स्थळाचे नाव सांगतो, आणि तेथे नियम असा की प्रत्यक्ष जागेवर जे नाव चालते, जे फलकावर लिहिलेले आहे, तेच लिहावे. भारतात या रकान्यात बहुतेक ठिकाणी रोमन लिपीतील नाव आढळते. मराठी नावासाठी त्याच शब्दापुढे अपूर्णविराम देऊन 'एम आर' ही मराठीची संकेताक्षरे जोडतात व देवनागरीत नाव भरतात. पाली भाषेलाही 'पी आय' ही संकेताक्षरे आहेत, आणि येथे पालीच्या अभ्यासकाला मोह होतो. फलकावर 'त्रिरत्न बुद्ध विहार' असे असेल तर ते 'तिरतन' करावे असे हात शिवशिवतात. तो मोह आवरावा. फलक लावणाऱ्या वस्तीने जे नाव ठेवले ते तिचे नाव; त्याचे शुद्धीकरण करण्याचा अधिकार पंडिताला नाही. पालीचा रकाना फलकावर पाली नाव असेल तरच भरावा.

संक्षेपही टाळावेत. चिखली तालुक्यात मेरा बुद्रुक व मेरा खुर्द अशी दोन गावे आहेत. सरकारी कागदांत 'मेरा बु.' असे लिहिण्याची सवय असली तरी नकाशात पूर्ण शब्द लिहावा. पूर्ण शब्दावरून संक्षेप करणे यंत्राला सोपे, संक्षेपावरून पूर्ण शब्द ओळखणे अवघड. खुद्द चिखली या नावाचाही प्रश्न आहेच. एक चिखली पिंपरी-चिंचवड महानगराच्या हद्दीत आहे, दुसरी गुजरातेत नवसारी जिल्ह्यात तालुक्याचे ठिकाण आहे, आणि महाराष्ट्रात या नावाची खेडी कितीतरी. नाव सारखे असले तरी 'प्लेस' या रकान्यातील नोंद (शहर, खेडे, वाडी की शहराचा भाग) व भोवतीच्या प्रशासकीय सीमा यांवरून त्या वेगळ्या ओळखू येतात. म्हणून नावापुढे जिल्ह्याचे नाव जोडण्याची गरज नसते.

आता मूळ प्रश्न. 'प्लेस' रकान्यात वस्तीची नोंद करताना 'नेम'मध्ये काय लिहावे? महाराष्ट्रातील गावोगाव वस्त्यांची नावे जातीवरून पडलेली होती व तोंडी व्यवहारात अनेक ठिकाणी आजही चालतात. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने जातिवाचक वस्तीनावे बदलण्याचा निर्णय घेतला. महारवाडा, मांगवाडा, ढोरवस्ती, ब्राह्मणवाडा, माळी गल्ली अशा नावांच्या जागी समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी नावे द्यावीत असे ठरले. अनेक वस्त्यांनी त्याच्या कितीतरी आधीच आपली नावे स्वतः बदलून घेतली होती. आता परगावच्या एखाद्या नकाशाकाराने उपग्रहचित्र पाहून वस्तीची बाह्यरेषा काढली आणि रस्त्यावर भेटलेल्या माणसाला नाव विचारले, तर उत्तर काय मिळेल? ते कोणाला विचारले यावर अवलंबून आहे. वेशीजवळच्या दुकानात एक नाव मिळेल, वस्तीच्या कमानीवर दुसरे असेल. 'जागेवर जे चालते ते लिहा' हा नियम निःपक्षपाती वाटतो. परंतु कोणाच्या तोंडी चालते हा प्रश्न तो विचारीत नाही. माझ्या मते उत्तर स्वच्छ आहे : जे राहतात त्यांच्या तोंडी. कमानीवर भीमनगर असेल तर 'नेम'मध्ये भीमनगर, शासकीय ठराव झाला असल्यास 'ऑफिशियल नेम'मध्येही तेच.

अडचण येते ती 'ओल्ड नेम', म्हणजे जुने नाव या रकान्याची. बॉम्बे व मुंबई यांच्यासारख्या बदलांसाठी तो आहे, आणि तेथे तो उपयोगी आहे. जुन्या दस्तऐवजातील नाव शोधणाऱ्याला सोय व्हावी म्हणून नकाशाचे शोधयंत्र याही रकान्यात पाहते. परिणामी तेथे जातिवाचक नाव लिहिले की ते नाव शोधणाऱ्यास वस्ती सापडते. कमानीवरून पुसलेले नाव यंत्राच्या पोटात जिवंत राहते. इतिहासाचे अभ्यासक म्हणतील की १९५६ पूर्वीचे खटले, जमिनीचे कागद, सभांची वृत्ते समजून घेण्यास जुनी नावे लागतात. हे खरे आहे, आणि इतिहास पुसावा असे माझेही म्हणणे नाही. परंतु त्यासाठी 'ओपनहिस्टॉरिकलमॅप' हा भूतकाळाचा स्वतंत्र नकाशा आहे, जेथे प्रत्येक नोंदीला काळ असतो. शिवाय या नकाशातील प्रत्येक बदलाची पूर्वीची आवृत्तीही जतन होते. रोज पत्ता शोधणाऱ्या, सामान पोहोचविणाऱ्या, मुलगी पाहायला येणाऱ्या माणसाच्या हातातील नकाशावर मात्र ते नाव नको. वस्तीतील लोकांनीच विचारपूर्वक ठेवावे असे ठरविले तर गोष्ट वेगळी.

नाव बदलल्याने काय होते, असे विचारणारे असतात. 'अवे फ्रॉम द हिंदूज' या लेखात बाबासाहेबांनी या प्रश्नाचा परामर्श घेतला आहे. नाव ऐकताच समाज माणसाशी कसे वागावयाचे ते ठरवितो, आणि धर्मांतराविना केलेला नामबदल टिकत नाही, हे त्यांचे प्रतिपादन होय. रकाना व नोंद यांच्या भाषेत त्याचा पुरावा जनगणनेत सापडतो. महाराष्ट्राच्या प्रदेशात १९५१ मध्ये बौद्धांची संख्या अडीच हजारांच्या आसपास होती. १९६१ मध्ये ती सुमारे २७ लाख ९० हजार झाली. माणसे तीच, घरे तीच, धर्माचा रकानाही तोच. बदलली ती नोंद, आणि ती बदलण्यासाठी १४ ऑक्टोबर १९५६ चा दिवस यावा लागला. दुसऱ्या कोणी भरलेली नोंद नाकारून स्वतः नोंद सांगणे म्हणजे काय हे या समाजाला वेगळे शिकविण्याची गरज नाही.

पिंपळाच्या जातीचा रकाना येथे आठवावा. वासेट्ठ सुत्त मज्झिमनिकायात आहे आणि सुत्तनिपातातही आहे. दोन ब्राह्मण तरुणांचा वाद असा की माणूस ब्राह्मण जन्माने होतो की कर्माने. तथागत प्रथम गवत व वृक्ष, नंतर किडे, चतुष्पाद, साप, मासे, पक्षी यांची उदाहरणे घेतात. त्यांच्यात जातिजातींची वेगवेगळी शरीरचिन्हे आहेत. माणसांत तशी नाहीत. माणसामाणसांत जो भेद बोलला जातो तो केवळ संज्ञेचा. नकाशाच्या परिभाषेत सांगावयाचे तर वृक्षाला जातीचा रकाना आहे कारण वृक्षाला जात आहे. मनुष्यवस्तीला तो रकाना नाही, आणि कोणी नवा काढू पाहील तर त्यास विरोध करावयास हवा. धर्माचा रकानासुद्धा विहार, स्मशानभूमी, धार्मिक संस्थेची शाळा अशा वास्तूंसाठी आहे. एखाद्या आळीला तो लावून तेथे कोण राहते हे जाहीर करू नये. ही माहिती सर्वांना खुली आहे. सर्वांत हेतू चांगला असणारेही येतात आणि नसणारेही. त्याच कारणाने घरांवर कुटुंबप्रमुखांची नावे लिहू नयेत.

काम सुरू करणाऱ्यांसाठी आणखी थोडे. दुसऱ्या खाजगी नकाशावरून नावे उतरवून घेऊ नयेत. तो स्वामित्वहक्काचा भंग होतो आणि अशा नोंदी काढून टाकल्या जातात. ज्या उपग्रहचित्रांचा वापर करण्याची परवानगी आहे ती संपादनाच्या साधनातच उपलब्ध असतात. नावे मात्र पायी फिरून फलकांवरूनच घ्यावीत. भारतात नकाशाविषयक निर्बंध १५ फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी बरेच सैल केले. संवेदनशील ठिकाणांविषयीची बंधने अर्थात पाळावयाची आहेत. ऐतिहासिक स्थळांची नोंद करताना त्यांचा आजचा उपयोग व त्यांचे महत्त्व हे वेगवेगळ्या रकान्यांत जाते. महाडचे चवदार तळे केवळ 'पाणी, तळे' म्हणून नोंदविले तर यंत्राला ते इतर हजारो तळ्यांसारखेच दिसेल. २० मार्च १९२७ चा सत्याग्रह त्या टॅगमध्ये मावत नाही. त्यासाठी 'विकिडाटा' या रकान्यात त्या स्थळाचा क्रमांक देतात, म्हणजे नकाशा व ज्ञानकोश एकमेकांना जोडले जातात. अजिंठ्याला तर जागतिक वारसा यादीचा २४२ हा क्रमांकही आहे. ती लेणी १९८३ मध्ये त्या यादीत आली.

राहता राहिला 'डिनॉमिनेशन', म्हणजे संप्रदायाचा रकाना. तेथे थेरवाद, महायान, वज्रयान या नोंदी रूढ आहेत. बाबासाहेबांनी दिलेल्या धम्माला यांपैकी कोणत्या नोंदीत बसवावे? वंदना पालीत आहे म्हणून अनेक जण थेरवाद लिहितील. 'नवयान' असे लिहिण्यासही यंत्र अडवीत नाही. माझा कल दुसरीकडे आहे, पण एकट्या अभ्यासकाने शंभर विहारांना एका रात्रीत ती नोंद चिकटविणे मला प्रशस्त वाटत नाही. तो संकेत न राहता हुकूम होईल. प्रत्येक विहाराच्या समितीने पौर्णिमेच्या बैठकीत हा विषय घ्यावा आणि ठरेपर्यंत रकाना रिकामा ठेवावा. रिकामा रकाना नंतर भरता येतो.